खिशातला चाकू आणि काही गैरसमज

माझ्या सॅकच्या पुढच्या कप्प्यात काय काय असतं याची यादी करायची झाली तर ती अशी : कॅल्सी, आय-कार्ड, दोन पेनं (पैकी एक न चालणारं), हेडफोनची गुंतलेली वायर, लिमलेटच्या गोळ्या आणि एक चाकू.

यादी वाचता वाचता तुम्ही शेवटच्या शब्दाशी थांबलात ना? सगळेच थांबतात. मुलगे विचारतात, ‘‘कोणाचा गेम करायचाय?’’ मैत्रिणी विचारतात, ‘‘सेफ्टीसाठी का गं?’’ आणि नातेवाईक काहीच विचारत नाहीत, फक्त आईकडे बघतात. मुलाच्या खिशात चाकू म्हणजे गुंड, मुलीच्या पर्समध्ये चाकू म्हणजे बिचारी. सफरचंद कापायला चाकू बाळगता येतो हे कोणाच्या डोक्यातच येत नाही!

पुढे जाण्यापूर्वी एक खुलासा. मी पहिलीपासून कॉन्व्हेंटमध्ये शिकले. ‘अडतीस’ म्हणजे थर्टी-एट की फॉर्टी-एट हे मला अजून मनात मोजावं लागतं. तरीही हा लेख मराठी विभागासाठीच लिहायचा हट्ट धरला, कारण यातली निम्मी माणसं मराठीशिवाय दुसऱ्या भाषेत मला आठवतच नाहीत. ऱ्हस्व-दीर्घ संपादक मंडळाने बघून घेतलंय. बाकीचं माझं.

तर चाकू. मी म्हणतेय तो सिनेमातला नव्हे. आपल्याकडे घडीचा चाकू म्हटलं की डोळ्यांसमोर येतो रामपुरी. ‘वक्त’ (१९६५) मधल्या राजकुमारच्या त्या डायलॉगने तर तो अमरच करून ठेवला. उत्तर प्रदेशातल्या रामपूर गावाला त्याचा एवढा अभिमान, की २०२३ मध्ये तिथल्या एका चौकात सुमारे वीस फुटांचा चाकू उभा केला. रामपुरीला बटण असतं, पातं उघडलं की ते लॉक होतं, आणि त्याचा थाटच मुळी समोरच्याला घाबरवण्याचा. माझा चाकू मिटलेला असताना माझ्या करंगळीपेक्षा थोडासाच मोठा आहे. त्याला ना बटण, ना लॉक. त्याने कोणावर हल्ला करायचा म्हटलं तर तो मिटून पहिल्यांदा माझीच बोटं कापेल. सेफ्टीसाठी हा चाकू बाळगणं म्हणजे पावसात चाळण डोक्यावर धरण्यासारखं आहे. इंग्लंडचा कायदासुद्धा हे ओळखतो. तिथे रस्त्यात पात्याचं हत्यार बाळगायला बंदी आहे, पण तीन इंचांच्या आतला, लॉक न होणारा घडीचा चाकू त्यातून वगळलाय. आपल्याकडच्या शस्त्र नियमांच्या यादीतही नऊ इंचांपेक्षा लांब किंवा दोन इंचांपेक्षा रुंद पात्यांचा उल्लेख आहे आणि घरकाम, शेती वगैरेंसाठी बनवलेली पाती त्यातून बाहेर ठेवली आहेत. अर्थात विमानाच्या केबिनमध्ये किंवा मेट्रोत हे वाद घालायला जाऊ नये. तिथे जाताना चाकू घरी. एका मॉलच्या दारात माझी सॅक उलटीपालटी करून झाल्यावर गार्डने विचारलं होतं, ‘‘मॅडम, ये किसलिये?’’ मी म्हटलं, ‘‘सेब के लिये.’’ त्याने माझ्याकडे असं बघितलं की मीच थोडा वेळ स्वतःवर संशय घेतला.

या चाकूला इंग्रजीत स्लिपजॉइंट म्हणतात. मेकॅनिकलवाल्यांनो, इकडे लक्ष द्या (बाकीच्यांनी हा पॅरा सोडला तरी चालेल, पण मग शेवटी रडू नका). मुठीच्या पाठीवर पोलादाची एक पट्टी असते, तीच स्प्रिंग. पात्याचं बूड एका पिनेभोवती फिरतं आणि ती पट्टी त्या बुडावर सतत दाब देत राहते. पातं पूर्ण उघडं किंवा पूर्ण मिटलेलं असलं की बुडाची सपाट बाजू पट्टीखाली येते आणि पातं आपल्या जागी बसतं. अधल्यामधल्या स्थितीत पट्टी वर उचलली जाते. काहींच्या बुडाला तिसरी सपाट बाजूही असते. अशा चाकूचं पातं काटकोनात आलं की क्षणभर टेकतं. तेवढंच! लॉक नाही, बेअरिंग नाही, दोन-तीन पिना आणि एक स्प्रिंग. उघडायचं कसं? पात्यावर नखाएवढी एक खाच असते, तिच्यात अंगठ्याचं नख अडकवून ओढायचं. उघडताना आणि मिटताना ‘टक्’ असा आवाज येतो. चांगल्या चाकूची परीक्षा त्या आवाजावरून करतात. माझ्या आजीचं मत मात्र वेगळं. कात्री नुसती वाजवली की घरात भांडणं होतात, हे तिने चाकूलाही लावलंय.

हा आवाज ऐकायला आम्ही काही लोक दर रविवारी सकाळी भेटतो. पुण्यात टेकडी उतरली की पायथ्याशी एक अमृततुल्य आहे, तिथे. आमच्या ग्रुपला नाव नाही, फी नाही, अध्यक्ष तर नाहीच नाही. कॉलेजच्या वर्कशॉपमधले एक सर, बँकेतून रिटायर झालेले एक काका, बॉटनी शिकवणाऱ्या एक मॅडम, आमच्याच ब्रँचचा एक सीनियर आणि मी. चहा आला की काका विचारतात, ‘‘हं, आज कोण काय घेऊन फिरतंय?’’ मग एकेकाच्या खिशातून, बटव्यातून चाकू टेबलावर येतात. नियम ठरलेले आहेत. दुसऱ्याला चाकू द्यायचा तो मिटलेला, आणि हातात नाही, टेबलावर ठेवायचा. त्याने तिथून उचलायचा. (हातातून हातात दिला की भांडण होतं, हे इथेही आहेच. आजीला सांगितलं तेव्हा तिला आमच्या ग्रुपबद्दल पहिल्यांदा आदर वाटला.) पात्याला बोट लावायचं नाही, बोटांच्या घामाने डाग पडतो. आणि सगळ्यात महत्त्वाचं, नुसता कपाटात ठेवलेला चाकू आणायचा नाही. आठवडाभर खिशात वागवलेला हवा, आणि त्याने काय कापलं हे सांगता आलं पाहिजे.

हा शेवटचा नियम मला फार आवडतो. त्यामुळे आमच्याकडे किमतीच्या गप्पा होत नाहीत, पेरूच्या होतात.

बँकवाले काका सोमवार ते रविवार वेगवेगळे चाकू वापरतात, पण त्यांचा लाडका आहे स्टॉकमन. मुलाने अमेरिकेतून आणलेला, केस कंपनीचा. ही कंपनी १८८९ पासूनची, कारखाना पेन्सिल्व्हेनियातल्या ब्रॅडफर्ड गावात. स्टॉकमन म्हणजे गुराखी. एका मुठीत तीन पाती : एक टोकदार, एक सरळ धारेचं बोथट नाकाचं, आणि एक बुटकं गोलसर, जे मुळात गुरांच्या खच्चीकरणासाठी होतं. काका ते तिसरं पातं लोणी लावायला वापरतात. आम्ही त्यांना ते पातं कशासाठी असतं ते सांगितलेलं नाही. (काका, तुम्ही हा अंक वाचणार नाही अशी आशा आहे.)

त्यांच्याकडे एक बार्लो पण आहे. तो बघून मी ओरडलेच. कारण आम्हाला शाळेत ‘टॉम सॉयर’ होतं, आणि बायबलमधली वचनं पाठ केली म्हणून त्याची मावसबहीण मेरी टॉमला साडेबारा सेंटचा बार्लो चाकू बक्षीस देते, तो प्रसंग मला पक्का आठवत होता. वचनं आम्हीपण पाठ केली, आम्हाला होली पिक्चर मिळायचं! पुस्तक १८७६ चं. म्हणजे तेव्हा देवाच्या शाळेत जाणाऱ्या पोराला चाकू बक्षीस देणं ही अगदी साधी गोष्ट होती. आज एखाद्या शाळेत असं करून बघा.

सीनियरची गोष्ट याच्या उलट आहे. तो इंटर्नशिपला जपानला गेला होता, तिथून हिगोनोकामी घेऊन आला. पितळी पत्रा दुमडून केलेली मूठ, आत पातं, पात्याच्या बुडातून बाहेर आलेली एक छोटी शेपटी. स्प्रिंगच नाही! शेपटीवर अंगठा दाबला की पातं वर येतं, आणि कापताना अंगठा तिथेच दाबून ठेवायचा, तोच लॉक. १८९० च्या दशकात ह्योगो प्रांतातल्या मिकी गावात हे सुरू झालं. एकेकाळी जपानमधल्या शाळकरी मुलांच्या दप्तरात पेन्सिली तासायला हा चाकू असायचा. मग १९६० मध्ये इनेजिरो आसानुमा या समाजवादी नेत्यावर व्यासपीठावरच एका सतरा वर्षांच्या मुलाने वार केले, आणि मुलांच्या हातात पातं नको अशी चळवळ देशभर पसरली. हत्या आखूड तलवारीने झाली होती. शिक्षा पेन्सिल तासणाऱ्या चाकूला झाली. एकेक कारखाना बंद पडत गेला आणि आज ते नाव लावायचा हक्क असलेला एकच कारखाना मिकीत उरलाय. सीनियर हे सांगतो तेव्हा टेबलावर जरा वेळ कोणी बोलत नाही. मग वर्कशॉपचे सर म्हणतात, ‘‘बघू, पत्रा किती गेजचा आहे?’’

सरांचा चाकू कुठल्याच कंपनीचा नाही. त्यांनी पॉवर हॅकसॉच्या जुन्या ब्लेडमधून पातं कापून, ग्राइंडरवर पाण्यात बुडवत बुडवत घासून तो स्वतः केलाय. मूठ शिसवीची. दिसायला ओबडधोबड, पण टोमॅटोचा काप असा काढतात की पलीकडचं वर्तमानपत्र वाचता यावं. माझ्या मते टेबलावरचा सगळ्यात चांगला चाकू तो. हे काकांना मान्य नाही.

मॅडमचा चाकू ओपिनेल. फ्रान्समधल्या साव्वा भागात जोसेफ ओपिनेल याने १८९० मध्ये हा काढला. बीच लाकडाची गोल मूठ, एक पातं, बास. १८९७ मध्ये त्याच्या एक ते बारा नंबरच्या साइझ आल्या, त्यातला आठ नंबर सगळ्यात लाडका, साडेआठ सेंटीमीटर पातं. यातही स्प्रिंग नाही. पातं नुसतं लाकडाच्या खाचेत घट्ट बसतं. १९५५ मध्ये मानेशी फिरणारी एक लोखंडी रिंग आली, ती फिरवली की पातं मिटत नाही. (त्या रिंगमुळेही बिचारा इंग्लंडच्या सवलतीत बसत नाही.) मॅडम त्याने झाडांचे नमुने घेतात आणि त्याच, पुसलेल्या, चाकूने आम्हाला काकडी कापून देतात. पातं साध्या कार्बन स्टीलचं असल्याने काळंनिळं पडलंय. नवख्याला वाटतं गंजलंय. तसं नाही. फळांच्या आंबट रसाने पोलादावर जो करडा-निळसर थर चढतो तो चढू द्यायचा, तो पुढच्या तांबड्या गंजाला थोडाफार अडवतो. स्टेनलेस स्टील १९१३ मध्ये शेफिल्डच्या हॅरी ब्रिअर्लीने आणलं आणि स्वयंपाकघरं चकचकीत झाली, पण आमच्या टेबलावर जास्त मान अजून काळ्या पात्यांना आहे. कोणत्या पात्यावर कैरीचे डाग आणि कोणत्यावर सफरचंदाचे, हे मॅडमना ओळखता येतं असा त्यांचा दावा आहे.

आता माझा. माझा म्हणजे खरं तर आजोबांचा, आणि त्याआधी त्यांच्या वडिलांचा. पणजोबांनी तो मुंबईत घेतला. पात्याच्या बुडाशी कंपनीचं नाव होतं, ते धार लावून लावून पुसून गेलंय, फक्त ‘शेफिल्ड’ एवढं वाचता येतं. मूठ हाडाची, तिच्यावर खाचा कोरलेल्या. काकांनी भिंग लावून बघितलं आणि सांगितलं, सांबरशिंगासारखं दिसावं म्हणून हाडावर अशा खाचा पाडायचे. शेफिल्डच्या कारागिरांना लागणारी सांबरशिंगं एकेकाळी आपल्याच जंगलांतून जहाजाने जायची. पुढे भारताने तो व्यापार बंद केला. म्हणजे आपली शिंगं तिकडे, आणि त्यांची नक्कल इकडे आमच्या घरी!

दोन पाती आहेत. मोठं खाण्याच्या वस्तूंसाठी, छोटं फक्त कलमांसाठी. रत्नागिरी जिल्ह्यात आमची थोडी झाडं आहेत, आणि आजोबा आंब्याची कोयकलमं स्वतः करत. कोय रुजून कोवळं रोप आलं की त्याचा शेंडा कापायचा, मध्ये चीर द्यायची, आणि हापूसच्या काडीला पाचरीसारखा आकार देऊन ती त्या चिरेत बसवायची. वर प्लॅस्टिकची पट्टी घट्ट गुंडाळायची. काडीचा काप एका ओढीत आला पाहिजे, खडबडीत झाला की सांधा धरत नाही. म्हणून छोट्या पात्याने दुसरं काहीही कापायचं नाही. एकदा दादाने त्याने पतंगाचा मांजा कापला होता, त्याचा किस्सा घरात अजून सांगतात. काकांनी मला आणखी एक गंमत सांगितली. पूर्वी बोरू तासायच्या चाकूला कलमतराश म्हणायचे. पेन-नाइफ तोच, तिकडे पिसाच्या लेखण्या तासायला. मराठीत लेखणी पण कलम आणि झाडाचं ते पण कलम. आमच्या घरी चाकू एकच, आणि त्याने पणजोबांनी लेखणी तासली असेल तर आजोबांनी आंबा. कॉन्व्हेंटमध्ये हे कुणी शिकवलं असतं तर मला मराठीत जरा बरे मार्क मिळाले असते.

तो चाकू माझ्याकडे आला याचं कारण मात्र गमतीचं नाही.

गेल्या वर्षी मे महिन्यात मी गावी गेले होते. दुपारी चार वाजता आजोबा ओटीवर बसून एक फळ खातात. आंबा, पेरू, नाहीतर काकडी. स्वतः कापून, पात्यावरूनच फोड तोंडात टाकून. माझ्या आठवणीत यात कधी खंड नाही. त्या वर्षी त्यांनी चाकू माझ्यापुढे धरला आणि म्हणाले, ‘‘उघडून दे जरा.’’ अंगठ्याच्या सांध्यात संधिवात, नखाच्या खाचेत जोर लागत नव्हता. मी उघडून दिला. दुसऱ्या दिवशी पण दिला. तिसऱ्या दिवशी मी आतल्या खोलीत होते, त्यांनी हाक मारली नाही. चौथ्या दिवशीही नाही. मी बघितलं तर पेरू ओटीवर तसाच, आणि आजोबा म्हणाले, ‘‘आज भूक नव्हती.’’ आजीने विळीवर फोडी करून ताटलीत आणून दिल्या. त्यांनी दोन खाल्ल्या, उरलेल्या मला दिल्या.

आठवडाभर हे चाललं. निघताना त्यांनी चाकू माझ्या हातात... नाही, ओटीच्या कठड्यावर ठेवला आणि म्हणाले, ‘‘ने. इथे गंजेल.’’

पुण्याला आल्यावर रविवारी मी तो टेबलावर ठेवला आणि सगळं सांगितलं. अशा वेळी माणसं सहानुभूती दाखवतात. आमच्या लोकांनी सामान तोलायचा हुकचा काटा मागवला. खाचेच्या जागी जाड दोऱ्याचा फास लावून पातं ओढलं. मोठं पातं उघडायला अडीच किलोच्या थोडा वर जोर लागला, छोट्याला पावणेदोन. सीनियरने लगेच टिश्यूपेपरवर गणित मांडलं. खाच पिनेपासून पस्तीस मिलिमीटर, स्प्रिंग बुडावर दाबते ती जागा पिनेपासून सुमारे चार मिलिमीटर, म्हणजे एवढीशी पट्टी वीस-बावीस किलोने दाबतेय. शंभर वर्षांच्या आसपासची पट्टी! अप्लाइड मेकॅनिक्समध्ये मोमेंटवर मी शेकडो गणितं केली असतील, पण उत्तराचा अंगठा होतो हे पहिल्यांदा दिसलं. मग मी गावी फोन करून आजीला सांगितलं, घरातल्या तसल्याच काट्याला दोरी बांधून आजोबांना चिमटीत ओढायला सांग. त्यांनी बरीच कुरकुर केली. आकडा आला आठशे ग्रॅम.

आता काय? सर म्हणाले, सोपं आहे, स्प्रिंग काढतो, आतून अर्धा मिलिमीटर घासतो, जोर खाली येईल. काका जवळजवळ उभेच राहिले. जुन्या चाकूची स्प्रिंग घासायची म्हणजे देवळाची पायरी घासण्यासारखं वाटलं त्यांना. पिना काढताना हाडाच्या मुठीला चीर गेली तर? ती परत मिळणार आहे का? सर शांतपणे म्हणाले, ‘‘चाकू आजोबांसाठी आहे ना? की आजोबा चाकूसाठी?’’ काका म्हणाले, ‘‘चाकू तिच्या नातवंडांसाठी पण आहे.’’ चहा निवून गेला. दोघंही बरोबर होते, आणि दोघंही माझ्याकडे बघत होते.

माझं मत सरांच्या बाजूने होतं, हे मी सांगून टाकते. वस्तू वापरायला असतात. पण चाकू आता माझा असला तरी स्प्रिंग आजोबांच्या हाताच्या ओळखीची होती. म्हणून त्यांनाच विचारलं. फोनवर एकच वाक्य : ‘‘त्याला हात लावू नका, तो बरा आहे, बिघडलोय मी.’’

मग शोध सुरू झाला. काकांनी त्यांचा एक चाकू आणला, ज्याच्या मुठीला अर्धचंद्रासारखा काप असतो, म्हणजे नखाऐवजी पातं दोन बोटांच्या चिमटीत धरता येतं. काटा लावला. दोन किलो. नापास. हिगोनोकामी उघडायला हलका, पण कापताना अंगठा दाबून ठेवायचा, आणि नेमका अंगठाच गेलेला. सरांनी हॅकसॉ ब्लेडचा नवा करून देतो म्हणून सांगितलं, पण त्यांच्या ‘पुढच्या आठवड्यात’ला काय अर्थ असतो हे सबमिशन दिलेल्यांना माहीत आहे. मॅडम इतका वेळ काही बोलल्या नव्हत्या. पुढच्या रविवारी त्यांनी पर्समधून स्वतःचा जुना आठ नंबरचा ओपिनेल काढून काट्याला लावला. वीस वर्षं वापरून सांधा इतका सैल झालेला, की सहाशे ग्रॅमला उघडला. स्प्रिंग नाहीच, त्यामुळे नख लावायची गरज नाही. पात्याची बाहेर राहिलेली पाठ चिमटीत धरून ओढली तरी येतो. रिंग फिरवायला जड गेली तर फिरवू नये, फळ कापायला काय लॉक लागतो?

मॅडमनी तो टेबलावर ठेवला. मी उचलला. त्या म्हणाल्या, ‘‘रुपया दे.’’ चाकू भेट दिला तर मैत्री तुटते, म्हणून घेणाऱ्याने एक नाणं द्यायचं, म्हणजे तो विकत घेतल्यासारखा होतो. ही समजूत युरोपात आहे, जपानमध्येही आहे असं सीनियर म्हणाला. माझ्याकडे सुटे नव्हते. यूपीआय चालणार नाही म्हणाल्या! शेवटी चहावाल्याकडून एक रुपयाचं नाणं आणलं.

दिवाळीत मी तो आजोबांना दिला. (त्यांच्याकडूनही नाणं घेतलं.) त्यांनी तो दोन दिवस नुसता उलटसुलट बघितला. पातं काळं आहे, चांगलं. मूठ गोल आहे, बरी आहे. पण दुसरं पातं का नाही? ‘‘फ्रान्समध्ये कलमं करत नाहीत का?’’ तिसऱ्या दिवशी दुपारी ओटीवरून काही आवाज आला नाही, कारण ओपिनेल ‘टक्’ करत नाही. मी मुद्दाम बाहेर गेले नाही. संध्याकाळी आजी म्हणाली, चिकूच्या साली ओटीवरच टाकल्यात, उचल.

तो साली तिथेच टाकायचा. म्हणजे आजोबा. नेहमी टाकतात.

गोष्ट इथे संपली असती तर बरं झालं असतं, पण आपल्याकडे पाऊस नावाचा प्रकार आहे. साव्वातल्या डोंगरात बीचचं लाकूड ठीक असेल, आमच्याकडे जूनमध्ये भिंतींना शेवाळ येतं. लाकूड फुगलं, खाच आवळली, पातं आत अडकून बसलं. आजीचा फोन आला. फ्रान्समध्ये याच्यावर एक जुनी युक्ती आहे : मुठीचं बूड टेबलावर ठोकायचं, पातं झटक्याने थोडंसं बाहेर येतं, मग ओढायचं. मी व्हिडिओ कॉलवर पेन घेऊन हे सगळं दाखवायला लागले. आजोबा ऐकून घेत होते. मग म्हणाले, ‘‘ते मी कालपासूनच करतोय. पायरीवर ठोकतो. फोन हिने लावलाय.’’

त्यांचं काम वेगळंच होतं. एक, मॅडमना विचारून मुठीला कुठलं तेल लावायचं ते कळव, खोबरेल लावून बघितलं, पुरत नाही. (मॅडम म्हणाल्या जवसाचं, सुकवून, दोन-तीन हात.) दोन, या वर्षी तीसेक कोयी रुजवल्यात. रोपं तयार आहेत. या चाकूने काडीचा काप सरळ येत नाही, तो जुना आण, छोटं पातं पुण्यातच एकदा दगडावर लावून आण, आणि तूच ये. ‘‘मी सांगतो, तू काप.’’

कॉलेज चालू असतं, सबमिशन आहे, असं मी त्यांना सांगितलं.

‘‘शनिवार-रविवार असतो ना?’’ म्हणाले.

– तृतीय वर्ष, यंत्र अभियांत्रिकी